वाकून बघायचं निशाण

एक होती फिलुमेना. हसू नका, तिच्या गावात तुमच्या नावांनाही हसले असते! लांब तिकडे डोलोमाइट नावाचे डोंगर आहेत. तिथे लादिन लोक राहतात, त्यांच्यातली ही. उन्हाळाभर कुरणात वाकून गवत कापायचं, पांढऱ्या चादरीत बांधायचं आणि डोक्यावरून घरी आणायचं. वाकून वाकून कमरेचा पार कोयता झाला होता, पण जिभेला काही हाड नव्हतं, बरं का.

तिची जुळी बहीण ओर्सोला डोंगरापलीकडच्या खोऱ्यात दिलेली. दर रविवारी ओर्सोला पाव घेऊन यायची, ही तिला लोणी द्यायची. मग गप्पांना नुसता ऊत यायचा.

एकदा काय झालं, खालच्या मुलखाचा राजा आला. म्हणाला, "तुमची खोरी पाच, टोप्या पाच तऱ्हेच्या. तुम्ही एक कसले? एखादं निशाण तरी आहे का? तीन दिवसांत दाखवा. नाहीतर एकेक खोरं माझ्या एकेका मुलाला देतो आणि मधे घालतो कुंपण."

फिलुमेनाला पहिली आठवली ती बहीण. कुंपण घातलं तर ओर्सोला यायची कशी?

मग पहिल्या दिवशी सगळे जमले. एक म्हणे निशाणावर आमची गाय हवी, दुसरा म्हणे आमचा बोकड. भांडणातच दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी गाय न् बोकड दोन्ही घ्यायचं ठरलं, तर शिंगं कुणाची मोठी यावरून जुंपली! तिसऱ्या दिवशी कुणी कुणाशी बोलेचना.

ओर्सोला रडत रडत बहिणीकडे आली. फिलुमेनाने काय केलं? ओर्सोलाच्या अंगावरची हिरवी शाल ओढली. आपली गवताची पांढरी चादर घेतली. नवऱ्याचा निळा एप्रन घेतला. घाईघाईने तिन्ही एकाखाली एक शिवली आणि काठीला बांधून राजापुढे उभी राहिली. वर हिरवं, मधे पांढरं, खाली निळं.

राजा खो खो हसला. "ही कसली गोधडी?"

"महाराज, हिरवं आमचं कुरण. पांढरा डोंगरावरचा बर्फ. निळं आमचं आभाळ. पाचही खोऱ्यांत हेच आहे."

"अगं वेडे, आभाळ कधी खाली असतं का?"

फिलुमेनाने जीभ चावली. चुकलंच की! पण गप्प बसेल तर ती फिलुमेना कसली? म्हणाली, "गवत कापताना आम्हाला असंच दिसतं. खोटं वाटत असेल तर वाका आणि पायांतून मागे बघा."

राजा मोठा हट्टी. वाकला! मुकुट पडला तो उतारावरून गडगड, गडगड, गडगड! आणि राजाला पायांमधून काय दिसलं? वर हिरवं कुरण, मधे पांढरे डोंगर, खाली निळं आभाळ. अगदी तसंच्या तसं!

मग राजा इतका हसला की गवतातच बसला. म्हणाला, "माझं निशाण मी जाईन तिथे रोवावं लागतं. तुमचं तर मी यायच्या आधीपासून उभं आहे. इथे कुंपण नको."

मग ओर्सोलाने काठी उलटी केली आणि आभाळ वर नेलं. गायवाले न् बोकडवाले मिळून मुकुट शोधायला पळाले. पाचही खोरी सुखाने राहिली.

रविवारी ओर्सोला पाव घेऊन आली. शाल निशाणात गेलेली, बिचारी कुडकुडत होती आणि हसतही होती. फिलुमेनाने तिला आपल्या पांघरुणात ओढून घेतलं.

तुम्हीही घ्या पांघरूण. आणि पायांतून बघायचं ते उद्या उजाडल्यावर, आत्ता नाही! मिटा डोळे.