खळीकर सरांची वीस मिनिटं

“...म्हणजे यात काहीच बिघाड नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?”

चार दिवसांत खळीकर सर हे तिसऱ्यांदा विचारत होते.

दस्तगीर उस्तादांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. समोर ठेवलेला टायमर एका बोटानं सरांकडे परत सरकवला.

“नाही.”

टायमर साधाच होता. टेबलावर ठेवायचा, पेरूएवढा, पांढरा. वरची टोपी हव्या त्या आकड्यापर्यंत फिरवायची आणि सोडून द्यायची. तो टिकटिकत उलटा येतो आणि शून्यावर पोचला की घंटी वाजते. सरांच्या मुलीनं तो नाशिकहून पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती. बाबा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वीस मिनिटं लावा आणि घंटी होईपर्यंत एकच काम करा.

पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, हा फार हळू चालतो. वीस मिनिटं संपतच नाहीत. उस्तादांनी तो भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाशी लावून पाहिला. बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, हा फार लवकर वाजतो. काही सुचायच्या आत घंटी होते. उस्तादांनी पुन्हा लावून पाहिला. बरोबर होता.

आज सरांची तक्रार होती की टिकटिक मोठी आहे, तिच्यानं लक्ष उडतं.

दुकानात त्या वेळी एकोणीस घड्याळं टिकटिकत होती.

दस्तगीर उस्ताद शहात्तर वर्षांचे. दर्ग्याच्या भिंतीला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सकाळी ते दर्ग्याचं अंगण झाडत आणि दुपारी भिंग लावून बसत. आताशा घड्याळं घेऊन येणारी माणसं थोडी. बाकीची वेगळंच काही विचारायला येत. कुणाला झोप लागत नसे, कुणाचं भावाशी बोलणं बंद असे. उस्ताद चार शब्दांत उत्तर देत आणि निम्मी माणसं रागावून निघून जात. लोक त्यांना फकीर म्हणत. ते स्वतःला घड्याळजी म्हणत.

खळीकर सर म्हणजे प्राचार्य त्र्यंबक खळीकर. बावीस वर्षं त्यांनी तालुक्याचं कॉलेज चालवलं. दर ऑगस्टात नव्या मुलांपुढे ‘मन ताब्यात कसं ठेवावं’ या विषयावर त्यांचं व्याख्यान होई, आणि पंखासुद्धा आवाज करायला भीत असे म्हणतात.

असा माणूस तीन वर्षं एका कामाला बसू शकत नव्हता.

काम त्यांच्या पत्नीचं होतं. इंदुमतीबाई प्राथमिक शाळेत शिकवत. शाळा सुटल्यावर त्या बाजारात, विहिरीवर, खुरपणीला आलेल्या बायकांमध्ये जाऊन बसत आणि त्यांच्या बोलण्यातले शब्द टिपून आणत. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. तीस वर्षांत बिस्किटांचे चार मोठे डबे भरले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सरांनी त्यांना शब्द दिला होता, मी याचं पुस्तक करीन.

हे सगळं सरांनी उस्तादांना सांगितलं. पाऊण तास सांगितलं. मनाच्या चंचलपणाची कारणंही सांगितली.

उस्तादांनी शेवटी भिंग काढलं.

“काम इथं आणा,” ते म्हणाले. “माझ्यासमोर बसा. टायमर मी लावतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सर पहिला डबा घेऊन आले. उस्तादांनी बाकड्यावरची जागा रिकामी केली आणि टायमर विसावर नेऊन सोडला. नियम एकच होता. घंटी होईपर्यंत डब्यातलं काम, दुसरं काही नाही.

चौथ्या मिनिटाला सरांना पेन्सिलीचं टोक जाड वाटलं. ते उठले.

उस्तादांनी टायमर परत विसावर नेला.

सातव्या मिनिटाला सर म्हणाले, पूर्वीचे लोक दीपज्योतीवर दृष्टी लावत, त्याचं शास्त्र असं की...

टायमर परत विसावर गेला.

मग एक ओळखीचे वकील पट्टा बदलायला आले. सरांनी त्यांची, त्यांच्या मुलाची आणि सुनेची चौकशी केली. टायमर परत विसावर गेला. मग पाणी. मग चष्मा पुसणं. मग पंख्याच्या वाऱ्यानं चिठ्ठ्या उडतील का, हा प्रश्न.

दुपार सरली. एकदाही घंटी वाजली नाही.

“हा काय पोरखेळ लावलाय तुम्ही?” सर ताडकन उठले. “मी बावीस वर्षं कॉलेज चालवलंय.”

“चालवलं असेल. बसा.”

सर बसले नाहीत. डबा काखेत मारून निघून गेले. टायमर तिथंच राहिला.

उस्तादही वैतागले होते. त्या संध्याकाळी त्यांच्या हातून एका घड्याळाचा बारीक स्क्रू खाली पडला आणि फरशीवर गुडघे टेकून शोधूनही तो सापडला नाही. पुन्हा असल्या माणसाच्या नादी लागायचं नाही, असं त्यांनी शेजारच्या फुलवाल्याला ऐकवलं.

आठवडा गेला. मग एका दुपारी सर परत आले. शर्टाला इस्त्री नव्हती. त्यांनी काखेतला डबा बाकड्यावर ठेवला आणि त्यातल्या पाच-सहा चिठ्ठ्या काढून उस्तादांपुढे ठेवल्या. हा तिसरा डबा त्यांनी आज तीन वर्षांनी उघडला होता. आत कसर लागली होती. चिठ्ठ्यांचे कोपरे गेले होते, काहींच्या मधोमध भोकं होती. एका चिठ्ठीवर अर्थ आणि वाक्य दोन्ही होतं, पण ते कोणत्या शब्दाचं, तो शब्दच खाल्ला गेला होता.

हे सांगताना सरांचा आवाज व्याख्यानातला नव्हता.

उस्तादांनी बाकड्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी सर हलले नाहीत. पेन्सिलीकडे पाहिलं नाही. वकील पुन्हा येऊन गेले, त्यांच्याकडेही पाहिलं नाही. हात सारखे चालत होते. चिठ्ठ्या उचलायच्या, कडा जुळवायच्या, गठ्ठे लावायचे. वीस मिनिटांनी घंटी वाजली.

सरांनी मान वर केली. चेहऱ्यावर विजय होता. बाकड्यावर पाच नीटस गठ्ठे उभे होते.

उस्तादांनी चिमटा खाली ठेवला आणि विचारलं, पहिल्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी कोणत्या शब्दाची?

सरांनी गठ्ठ्याकडे पाहिलं.

“मी आधी आकारानं लावून घेतोय,” ते म्हणाले. “कॅलेंडरच्या कागदावरच्या वेगळ्या, वहीच्या पानांवरच्या वेगळ्या. पद्धत असते त्याला.”

“शब्द कोणता?”

“तो टप्पा पुढचा आहे.”

“वीस मिनिटांत वाचल्या किती?”

सरांनी एका गठ्ठ्याची कड बोटानं सरळ केली.

“तीन वर्षांत किती वाचल्या?”

उस्तादांना राग आला. त्यांनी टायमर उचलून पुन्हा विसावर लावला, जोरातच, आणि गठ्ठ्यांमधली हाताला लागली ती चिठ्ठी ओढून काढली. गठ्ठा कोसळला. त्यांना मराठी वाचायला वेळ लागे. ते बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले.

“उलीसं. म्हणजे थोडंसं. उलीसं पाणी, उलीसं मीठ...” त्यांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली. “आता खाली वाक्य लिहिलंय. उलीसं बसा की माझ्यापाशी.”

सरांनी हात पुढे केला. चिठ्ठी घेतली नाही. हात तसाच राहिला.

मग सरांनी सांगितलं. आपणहून, तुटक तुटक. रात्रीची जेवणं उरकली की इंदुमती दिवसभरात मिळालेले शब्द घेऊन त्यांच्या खुर्चीजवळ येई. दहा मिनिटं ऐकता का, म्हणे. सर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आणि उद्या म्हणत. कधी परीक्षेचं काम असे, कधी संस्थेची बैठक, कधी उद्याचं भाषण. काही वर्षांनी तिनं विचारणं सोडलं. त्यानंतरही ती रोज लिहीत होती, एवढंच त्यांना माहीत होतं. काय लिहीत होती, ते माहीत नव्हतं.

आणि आता प्रत्येक चिठ्ठीखाली एक वाक्य होतं. चार डबे. कोणत्या वाक्यात आपण निघू, हे सरांना कळत नव्हतं.

उस्तादांनी सांत्वन केलं नाही. त्यांना ते जमत नसे.

“बंद करा ते,” सर टायमरकडे बघत म्हणाले.

“आठ मिनिटं आहेत अजून.”

“आठ मिनिटांत मी काय करू?”

उस्तादांनी पडलेल्या गठ्ठ्यातली दुसरी चिठ्ठी उचलली आणि सरांच्या त्या तशाच राहिलेल्या हातात ठेवली.

सरांनी ती वाचली. आधी मनात, मग मोठ्यानं. ती एका साध्या शब्दाची होती, शेतात उभ्या ज्वारीच्या ताटांबद्दलची, आणि तिच्यातल्या वाक्यात सर कुठेच नव्हते. त्यांनी ती उलटून पाहिली. मागं कॅलेंडरची तारीख होती. मग तिसरी घेतली. तिच्यात ते होते. तिच्यात इंदुमतीबाईंनी त्यांच्या घोरण्याला एक शब्द वापरला होता, तो खुरपणीच्या बायकांनी एका म्हाताऱ्या रेड्यासाठी वापरलेला होता. सर ते वाक्य दोनदा वाचून हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

घंटी वाजली. कुणी उठलं नाही.

त्यानंतर सर रोज येऊ लागले. दुपारी तीन ते पाच. टायमर सर स्वतः लावत. तो चालू असताना चिठ्ठी वाचायची, तिचा शब्द वहीत उतरवायचा, बास. घंटी झाली की पाच मिनिटं दर्ग्याच्या लिंबाखाली जाऊन यायचं. काही दिवस एका वेळेला चारच चिठ्ठ्या होत. काही दिवस एकच होई, आणि त्या दिवशी सर उरलेली मिनिटं चिठ्ठी हातात धरून नुसते बसत. उस्ताद त्या दिवशी टायमर परत फिरवत नसत.

जिथं कसरीनं शब्द खाल्ला होता, तिथं सर वही घेऊन बाजारात जात. तिथल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसत आणि वाक्य वाचून विचारत, इथं तुम्ही काय म्हणाल? पूर्वी या बायका प्राचार्यांना पाहून पदर सावरत. आता त्या त्यांना भाजी निवडायला देत. काही शब्द मिळाले. काही मिळाले नाहीत, तिथं सरांनी वहीत रेघ ओढून जागा सोडली.

अकरा महिन्यांनी चारही डबे संपले. परभणीच्या एका छापखान्यानं पुस्तक घ्यायचं कबूल केलं.

आणि मग एका दुपारी सर फाईल घेऊन आले. शर्टाला कडक इस्त्री होती. छापखान्याला फक्त प्रस्तावना द्यायची राहिली होती, ती त्यांनी घरी लिहून काढली होती. तेवीस पानं. नाव होतं ‘एकाग्रतेकडे माझा प्रवास’. ते बाकड्यावर बसले नाहीत, उभे राहूनच वाचू लागले. मन चंचल का असतं, त्याची सहा कारणं. प्राचार्य म्हणून आलेले अनुभव. मग एका साध्या यंत्रानं आपल्याला कसं जागं केलं. मग गुरूची भेट.

गुरू हा शब्द आला तेव्हा उस्तादांच्या हातातला चिमटा थांबला.

पाचव्या पानावर त्यांनी भिंग काढलं. नवव्या पानावर त्यांनी हात वर केला.

“पुस्तक कुणाचं?”

“इंदुमतीचं,” सर म्हणाले. “पण वाचणाऱ्याला कळायला हवं ना, की मी...”

उस्तादांनी फाईल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मिटली. एक कोरा कागद आणि पेन सरांपुढे ठेवलं. मग टायमरची टोपी फिरवली, इतकी थोडी की ती फिरली की नाही हेही कळू नये.

“हे काय?”

“एक मिनिट आहे. प्रस्तावना लिहा.”

सरांचा चेहरा लाल झाला. एका मिनिटात प्रस्तावना होत नसते, असं ते म्हणाले. पण टायमर सुरू झाला होता, आणि अकरा महिन्यांची सवय हाताला लागली होती. ते बसले. पेन उचललं. एक क्षण डोळे मिटले आणि मग लिहिलं:

हे शब्द इंदुमतीनं बायकांकडून ऐकले, आणि तीस वर्षं जपले.

पेन थांबलं. अजून वेळ होता. सरांनी टायमरकडे पाहिलं, मग उस्तादांकडे पाहिलं, आणि खालच्या ओळीवर लिहू लागले:

मी मात्र तिच्या हयातीत...

घंटी वाजली.

“वाक्य अपुरं राहिलं,” सर वैतागून म्हणाले. “अजून एक मिनिट द्या.”

उस्तादांनी पहिल्या ओळीच्या शेवटी बोट टेकवलं आणि सरांच्या हातातून पेन काढून घेतलं. टोपण शोधलं. ते लावलं.

“अर्धं मिनिट जास्तच दिलं मी, सर.”