लिंबू-मिरची आणि ढिला बोल्ट

यंत्रं माणसांची पाठ वळली की आपसांत बोलायची, त्या काळची ही गोष्ट. गजाबांच्या जुन्या पिकअपचं स्टिअरिंग डुगडुगू लागलं होतं. गजाबांना वाटलं, गाडीला दृष्ट लागली. म्हणून ते दर शनिवारी पुढे नवी लिंबू-मिरची बांधू लागले.

खरं तर स्टिअरिंगच्या दांड्याचा बोल्ट ढिला झाला होता. "मी खुळखुळून त्यांना सांगतो," तो म्हणाला.

"गप रे!" स्टिअरिंग घाबरलं. "कळलं तर आपल्याला भंगारात घालतील."

एका शनिवारी आल्याची पोती भरून गाडी घाटाकडे निघाली. पुढे लटकणारं ताजं लिंबू कळवळून म्हणालं, "माझ्या भरवशावर ते घाट चढायला निघालेत. अरे, मला बोल्ट आवळता येत नाही!"

मग बोल्टानं स्टिअरिंगचं ऐकलंच नाही. सगळा जीव एकवटून तो असा खुळखुळला, की गजाबांनी दचकून घाटाच्या पायथ्याशी, रशीद मिस्त्रींच्या गॅरेजसमोर गाडी थांबवली.

मिस्त्री आत वाकले. त्यांनी एक वायसर घातला आणि पान्यानं बोल्ट घट्ट आवळला. "एवढंच होतं, गजाबा. खुळखुळला म्हणून वाचलात. गप्प राहिला असता, तर घाटात निसटला असता."

भंगाराचं नावही निघालं नाही. स्टिअरिंगनं सुटकेचा श्वास सोडला आणि वळणावळणाला गाडी अलगद वळवली.

पुढच्या शनिवारीही गजाबांनी लिंबू बांधलं. पण त्याआधी वाकून बोल्टाला हात लावून पाहिला.

"चला," नवं लिंबू म्हणालं, "आज निवांत लटकता येईल."