बादलीत मोजा कुणी कोंबला?

“मी सांगितलं. आधी सांगितलं, मग सांगितलं, ओरडून सांगितलं. पण गोगलगाईवर विश्वास कोण ठेवतंय?”

असं म्हणत एक इवलीशी गोगलगाय वाटीत बसली होती. वाटी खिडकीत. पाणी चमचाभर. आणि ऊन येत होतं जवळ... जवळ... जवळ.

तिचं घर कुठे? मोठ्या काचेच्या टाकीत, हिरव्या दगडामागे. ते गेलं!

झालं असं. रत्नाकर नावाचा एक मामा होता. सगळे म्हणत रत्नूमामा. मामी मात्र नाव घेत नसे. ती म्हणे ‘अहो’.

मामानं माशांची टाकी आणली. एवढी मोठी, एवढी मोठी, की टीव्ही गेला स्वयंपाकघरात! आता पाणी साफ ठेवायला फिल्टर हवा.

“विकतचा कशाला? मी घरीच करतो,” मामा म्हणाला. एक व्हिडिओ बघितला. झाला शहाणा! बादली घेतली. पंप ठेवला. स्पंज घातला. नळी जोडली. व्हिडिओतला माणूस म्हणाला, “आता वर सॉक लावा.”

इंग्रजीत सॉक म्हणजे मोजा. पण इथे सॉक म्हणजे गाळायची पिशवी. मामानं काय केलं? पायातला मोजा काढला आणि दिला कोंबून! धुतलासुद्धा नाही. शी!

“मामा, तो मोजा आहे!” गोगलगाय म्हणाली.

“तुला काय कळतंय? मी व्हिडिओ बघितलाय!”

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ. मासे म्हणाले, “शी शी शी!” मामानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. “ह्या गोगलगाईनंच घाण केली!” दोन बोटांत धरली, वाटीत टाकली. टुप्प!

पण गोगलगाय काही रडत बसणारी नव्हती. निघाली. सर्र सर्र, चिक चिक.

गेली पाण्याकडे.

“पाण्या पाण्या, उजळ की! मला माझी जागा दे.”

“पंप उडवेना, मी का उजळू?”

सर्र सर्र, चिक चिक. गेली पंपाकडे.

“पंपा पंपा, पाणी उडव!
पंप उडवेना,
पाणी उजळेना,
गोगलगाईला जागा मिळेना!”

“घुर्र! स्पंज सोडेना, मी का उडवू?”

सर्र सर्र, चिक चिक. गेली स्पंजाकडे.

“स्पंजा स्पंजा, पाणी सोड!
स्पंज सोडेना,
पंप उडवेना,
पाणी उजळेना,
गोगलगाईला जागा मिळेना!”

स्पंज गाल फुगवून बसला. “मोजा सरकेना, मी का सोडू?”

सर्र सर्र, चिक चिक. गेली मोज्याकडे. नाक दाबून गेली.

“मोज्या मोज्या, बाजूला सरक!
मोजा सरकेना,
स्पंज सोडेना,
पंप उडवेना,
पाणी उजळेना,
गोगलगाईला जागा मिळेना!”

मोज्यानं जांभई दिली. काय तो वास! “मामा काढेना, मी का सरकू?”

सर्र सर्र, चिक चिक. गेली मामाकडे. मामा काय करत होता? दुसरा व्हिडिओ बघत होता.

“मामा मामा, मोजा काढ!
मामा काढेना,
मोजा सरकेना,
स्पंज सोडेना,
पंप उडवेना,
पाणी उजळेना,
गोगलगाईला जागा मिळेना!”

“चल हट! मामी ओरडेना, मी का काढू?”

ऊन तापलं. गोगलगाय दमली. तरी सर्र... सर्र... चिक... चिक. गेली मामीकडे. मामी दोरीपाशी उभी. हातात एकच मोजा.

“मामी मामी, मामाला ओरड!
मामी ओरडेना,
मामा काढेना,
मोजा सरकेना,
स्पंज सोडेना,
पंप उडवेना,
पाणी उजळेना,
गोगलगाईला जागा मिळेना!”

“मला वेळ कुठाय गं? तीन दिवस शोधतेय. ह्याचा जोडीदार सापडेना, मी का ओरडू?”

गोगलगाय खुदकन हसली.

“जोडीदार होय? तो तर बादलीत!”

मामी धावली. बादलीत नाक घातलं. नाक लगेच बाहेर!

मग काय?

मामी ओरडली, “अहोऽऽऽ!” भिंतीवरची पाल पळाली.
मामानं मोजा काढला.
मोजा सरकला, सुळ्ळ!
स्पंजानं पाणी सोडलं, टप टप!
पंपानं पाणी उडवलं, झुळ झुळ!
पाणी उजळलं, चकचक!
आणि गोगलगाईला जागा मिळाली!

मामानंच उचलून ठेवलं तिला. दोन बोटांत धरून? छे! तळहातावर, हळूच. वर काकडीची चकती दिली. “चुकलो गं बाई,” म्हणाला.

मामीनं मोज्याच्या जागी स्वच्छ कापडी पिशवी लावली. आणि मोजा? मामानंच धुतला. सात वेळा!

सगळे मासे काचेपाशी जमले. “मामी, घाण कुणी केली? नाव घ्या, नाव घ्या!”

मामीनं पदर खोचला. मामाकडे बघितलं. आणि घेतलं नाव:

“निर्मळ होती गोगलगाय, निर्मळ होतं पाणी,
वासाचा मोजा कोंबला कुणी? रत्नाकररावांनी!”