पाच पेट्यांची झाकणं

एकदा एक मोरावळा करणारा गृहस्थ मधमाश्या पाळू लागला. नाव अनंत खांबेटे. घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावात त्याचा कारखाना होता. साखरेऐवजी घरच्या मधात आवळा मुरवायचा, ही त्याची हौस. गुरू घरातच होती. काशीमावशी, आईची थोरली बहीण. तिचं सारं आयुष्य मधपेट्यांच्या संगतीत गेलेलं. कारखान्यामागे पाच पेट्या चांगल्या भरभराटीला आल्या. सहावी अनंतने स्वतःच्या हातांनी नवी वसवलेली. तिच्यात माश्या थोड्या, राणी कोवळी. तिच्यावर त्याचा भारी जीव.

फुलोरा सरला, रानात माश्यांना फारसं काही मिळेना. या पेटीचं कसं होणार, या विचाराने अनंत कासावीस झाला. आता गोडाच्या धंद्यातल्या माणसांची एक जुनी रीत असते. पाकाची कढई लगेच धुवायची नाही. आधी अंगणात ठेवून मुंग्या-पाखरांच्या तोंडी काही लागू द्यायचं. रीत चांगलीच आहे हो! पण आमच्या या पुण्यवंताने भर दुपारी ती चिकट कढई सहाव्या पेटीच्या दाराशी नेऊन ठेवली आणि समाधानाने जेवायला बसला.

हात धुऊन बाहेर येतो तो काय, पाचही पेट्यांतल्या माश्या सहावीवर तुटून पडलेल्या! कढई केव्हाच चाटून झाली होती. आता त्या दारातून आत घुसून पोळ्यांतला मध लुटत होत्या, आणि आडव्या येणाऱ्या माश्यांना धरून बाहेर फेकत होत्या.

"मावशी, लवकर ये! राणीला मारतील गं!"

अनंतने धूर केला, फडकं झाडलं, डंख खाल्ले. कशाचा काही उपयोग होईना. तो दार बंद करायला धावला.

"थांब, लुटारूंनाच आत कोंडशील," मावशी म्हणाली. तिने कढई उचलून पाण्याच्या पिंपात बुडवली. "भुकेल्याला असं चव्हाट्यावर वाढतात होय रे?" एवढं बोलून ती त्या पाच धडधाकट पेट्यांकडे गेली आणि एकेकीचं झाकण काढून खाली ठेवू लागली.

पाचही घरांतला मध भर उन्हात उघडा पडला. अनंतच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, वेड लागलं का तुला? एक बुडतेच आहे, तू पाचही बुडवायला निघालीस! सगळा धंदा बसेल माझा!"

"झाकणाला हात लावायचा नाही. गप्प उभा राहा."

तो उभा राहिला. सहाव्या पेटीची लूट चालूच होती. मावशीच्या कपाळावरही घाम होता, हे त्याला दिसलं आणि तो अधिकच घाबरला.

मग उघड्या पेट्यांच्या कडांवर माश्या गोळा होऊ लागल्या. सहावीच्या दारातून काही जणी निघाल्या, घरी आल्या, आणि आपलंच घर उघडं पाहून तिथेच पहाऱ्याला बसल्या. पुन्हा कुणी फिरकेना. हळूहळू सहावीचं दार मोकळं झालं. मावशीने गवत खोचून ते माशीपुरतं अरुंद केलं आणि मगच पाच झाकणं परत बसवली.

"मावशी, त्यांना थांबवलंस कसं?"

"मी कुठे थांबवलं? त्या काही जातीच्या चोर नव्हेत रे. भरल्या घरच्या, वरून झाकण पक्कं. आपलं घर राखायची काळजीच उरली नाही, म्हणून दुसऱ्याच्या दारात दंगा. तुझ्या धुराने त्या हटल्या नाहीत. मी फक्त त्यांच्या घराची काळजी त्यांना परत दिली."

कुणाच्या वाईटावर टपलेल्या माणसाला आपण उपदेश करत बसतो. त्याच्या घरात काय उघडं पडलंय, तेवढं दाखवलं तरी पुष्कळ होतं.

आतली राणी वाचली की नाही, हे मावशीलाही सांगता येईना. "परागाची गोळी घेऊन माशी आत शिरली, की राणी आहे असं समज," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून अनंत सहाव्या पेटीसमोर बसून होता. बऱ्याच वेळाने एक माशी आली. तिच्या पायांना पिवळ्या गोळ्या होत्या, आणि ती आत गेली.