न्यायसभेतला गूळ

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही कुणाला आठवत नाही. बरंच झालं म्हणा, नाव घ्यावं असं त्यानं काही केलंच नव्हतं.

त्या राज्यात दोर वळणारी एक बाई होती. तिचा नवरा राजाच्या बागेचा मुख्य माळी. बाहेर माणूस मोठा गोड! कळी खुडायची तर अशी अलगद, की बघणाऱ्यानं वाहवा म्हणावं. घरी आला की मात्र त्याच हातात गुलाबाची काटेरी फांदी असायची. सात वर्षांच्या लेकीच्या, वेणूच्या हातून पाणी सांडलं की फांदी. मोठ्यानं हसली तरी फांदी. आई मध्ये पडली तर तिलाही. शेवटी एके दिवशी लेकीचा हात धरून बाई घराबाहेर पडली आणि थेट न्यायसभेत गेली.

माळीही मागोमाग आला. हात जोडून म्हणाला, "सरकार, माझी पोर मला द्या."

आता त्या न्यायसभेची एक रीत होती, ती सांगतो. आईबाप पोरासाठी भांडत आले, की न्यायाधीश दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि एकमेकांना भरवायला सांगायचे. दोघांनी हसत भरवला, तर तक्रार मिटली. पोर पंधरा दिवस आईकडे, पंधरा दिवस बापाकडे. ज्याला भरवता आला नाही, त्याच्या मनात विष आहे असं ठरायचं आणि पोर दुसऱ्याच्या घरी जायचं. न्यायाधीशांना या रीतीचा भारी अभिमान.

"सरकार," बाई म्हणाली, "गूळ राहू द्या. आधी पोरीची पाठ बघा."

"पाठीवरून काय कळणार, बाई? मुलं पडतात, धडपडतात."

"मग तिलाच विचारा."

"मुलं पढवलेलं बोलतात," न्यायाधीश समजुतीच्या सुरात म्हणाले. "गूळ खोटं बोलत नाही."

काय हे शहाणपण! ऐकूनच डोकं फिरतं माझं.

माळ्यानं हसत बायकोला गूळ भरवला. त्याचा हात वर गेला तेव्हा शेजारी उभ्या वेणूनं दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकलं. पण सगळी सभा गुळाकडे बघत होती.

मग बाईची पाळी आली. तिनं मनाशी ठरवलं, पोर कायमची जाण्यापेक्षा पंधरा दिवस तरी आपल्याजवळ राहील. भरवायचा, हसायचं आणि सुटायचं. तिनं हात उचलला. तेवढ्यात वेणू तिच्या लुगड्याला बिलगून पुटपुटली, "आई, बाबांकडे नको ना."

बाईनं दोन्ही हातांनी पोरीला पोटाशी धरलं आणि गूळ जमिनीवर पडला.

"बघितलंत?" न्यायाधीश म्हणाले. कारकुनानं लगेच लिहून घेतलं, आईच्या मनात विष आहे. बाई रडली, ओरडली, न्यायाधीशांच्या पायांवर पडली. लोक म्हणाले, "केवढी कजाग बाई! तो बिचारा बघा, आवाजसुद्धा चढवत नाही." आणि माळी लेकीला घेऊन गेला.

वर्षभर बाईला पोरीचं तोंड बघायला मिळालं नाही. वर्ष सरल्यावर पोर सुखात आहे की नाही, हे पाहायला न्यायसभेनं सगळ्यांना बोलावलं. नव्या परकरात वेणू गुळाची ताटली घेऊन आली. तिनं बापाला गूळ दिला, आईला दिला, हसत हसत दिला. हात जरासुद्धा हलला नाही. बाईला मात्र ते हसू परकं वाटलं. तिची वेणू अशी कधी हसत नसे.

न्यायाधीश खूश झाले. "किती गुणी पोर! ये बाळ, इकडे ये." आणि आशीर्वाद द्यायला त्यांनी हात वर केला.

ताटली खणकन खाली पडली. वेणू दोन्ही हातांनी डोकं झाकून जमिनीवर बसली आणि म्हणू लागली, "चुकले, चुकले, परत नाही हसणार!"

कारकुनानं लेखणी उचलली. "सरकार, गूळ पडला. रीतीप्रमाणे लिहायला हवं. कुणाच्या मनात विष आहे म्हणून लिहू?"

न्यायाधीशांनी खालमानेनं पोर आईच्या हवाली केली. तेच लोक आता "काय न्याय, काय न्याय!" करू लागले. लाजा नाहीत मेल्यांना! ते वर्ष मात्र कुणी परत दिलं नाही.

घरी गेल्यावर आईनं लेकीची वेणी घालायला हात उचलला, आणि पोरीनं आईपुढेही डोकं झाकून घेतलं.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आईबाप किती गोड वागतात हे बघण्याआधी, लेकरू कुणाला भितं ते बघावं.