कल्हईचं पातेलं

एकदा कृष्णाकाठच्या एका वृद्ध वैद्यबुवांच्या शिष्यानं विद्या अर्धवट टाकून घरी जायचं ठरवलं. कारण ऐकाल तर हसाल. पण हसू नका, त्या पोराचा जीव खरोखरच टांगणीला लागला होता. श्रीरंगचं शिक्षण संपत आलं होतं. पलीकडच्या तीरावर वैद्यबुवांचा छोटा दवाखाना होता, तो पाडव्यापासून त्यानं सांभाळायचा होता. नेमकी त्याच सुमारास गालांवर, कपाळावर मुरुमं उठली. औषधाची पुडी घेता घेता एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, आधी स्वतःचं तोंड बरं कर की!" सगळे हसले. श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग काय, स्वारी हात धुऊन चेहऱ्याच्या मागे लागली. सकाळी बेसन, दुपारी लिंबू, संध्याकाळी खरखरीत पंच्यानं घासणं, आणि आरशापुढे उभं राहून एकेक फोड नखानं फोडणं. चेहरा लालबुंद झाला, मुरुमं दुप्पट झाली. शेवटी तोंडाला उपरणं गुंडाळून तो गुरूंपुढे उभा राहिला.

"मला निरोप द्या, गुरुजी. असल्या तोंडाच्या वैद्यावर कोण विश्वास ठेवील?"

"जा बापडा," वैद्यबुवा म्हणाले. "जाण्यापूर्वी एवढं ताकाचं पितळी पातेलं आतून वाळूनं लख्ख घासून दे."

"आतून? अहो, परवाच कल्हई करून आणलीय!"

"डाग दिसतोय मला. घास म्हणतो ना!"

बिचारा घासत बसला. पांढरीशुभ्र कल्हई खरवडली जाऊन खालचं पितळ दिसू लागलं, तशी त्याला हळहळ वाटली. पातेलं त्यानं गुरूंपुढे ठेवलं.

"छान. आता यात ताक ओत."

"कळकेल ना ताक! पिणाऱ्याला बाधेल. कल्हई म्हणजे काय मळ होता, गुरुजी? तिच्यामुळेच तर ताक चांगलं राहायचं!"

"अरे वा! मग ही अक्कल पातेल्यापुरतीच का रे?" वैद्यबुवा हसले आणि त्यांनी हलकेच उपरणं बाजूला केलं. "देवानं तुझ्या कातडीलाही कल्हई दिलीय. ती तू रोज खरवडतोस. मुरुमं मळानं येत नाहीत. या वयात शरीरातले स्राव बदलतात, कातडीतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. रंध्रांची तोंडं बुजतात, तेल आत साचतं, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. दुखणं आत, आणि तू घासतोस वरून! सौम्य साबणानं सकाळ-संध्याकाळ तोंड धू, नखं दूर ठेव, नाहीतर व्रण जन्मभर राहतील. आणि उद्या शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून ये."

"तुम्ही असताना डॉक्टरांकडे?"

"त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या मलम देतील. त्याचा गुण यायला महिने लागतात. आठ दिवसांत कंटाळून टाकून देऊ नकोस म्हणजे झालं."

श्रीरंग घरी गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम लावत राहिला. पाडवा आला तेव्हा चेहरा थोडा निवला होता, थोडाच. दवाखान्यात तो उपरणं गुंडाळूनच बसला.

पहिलीच आली ती एक मुलगी, डोळ्यांपर्यंत ओढणी ओढलेली. तिची आई काकुळतीनं म्हणाली, "कॉलेज सोडून बसलीय हो. आम्हालासुद्धा तोंड दाखवत नाही."

श्रीरंगनं तोंडावरचं उपरणं सोडलं आणि बाजूला ठेवलं.

"बघ," तो म्हणाला. "मलाही आहेत. कमी होतायत, पण आहेत अजून."

मुलगी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिची ओढणी हळूहळू खाली आली.

"मी रोज लिंबू चोळते," ती पुटपुटली. "कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

असल्या तोंडाच्या वैद्यावर कोण विश्वास ठेवील, याचं उत्तर श्रीरंगला त्या दिवशी मिळालं.