समोरच्याची माती

फार फार पूर्वी, राजा कोण होता हे कुणाला आठवत नाही पण कुस्ती कुणी मारली हे सगळ्यांना आठवतं अशा एका मुलखात, नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. एकाला उगवतीचं गाव म्हणत, दुसऱ्याला मावळतीचं. दोन्ही गावांत तालमी होत्या. दोन्ही गावांना आपलीच तालीम मोठी वाटे. आणि दोन्हीकडे शिकवायला मात्र एकच म्हातारा वस्ताद होता. सकाळी या काठाला, संध्याकाळी त्या.

नदीच्या मधोमध एक बेट होतं. सुगी संपली की तिथं जत्रा भरे आणि शेवटची मोठी कुस्ती या दोन गावांत होई. आखाड्याची पूर्वेकडची बाजू उगवतीच्या पैलवानाची, पश्चिमेकडची मावळतीच्या. पण एक रीत होती. आपली बाजू आपण खणायची नाही. समोरच्या गावानं खणायची.

हातभर खोल खणायचं, खडा न खडा वेचायचा, ढेकळं फोडायची, मग ताक, तेल, हळद घालून माती लोण्यासारखी मऊ करायची. ज्याला आज पाडायचं, त्याच्यासाठीच.

मुलं विचारत, "वस्ताद, असं उलटं का?"

वस्ताद म्हणे, "लेकरांनो, पडणार कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून त्याची पाठ आपण सांभाळायची आणि आपली त्यानं."

उगवतीच्या गावात बयाजी नावाचा पैलवान होता. आईबाप साथीत गेले तेव्हापासून धाकटा भाऊ सटवा याला त्यानंच वाढवलं होतं. मावळतीचा पैलवान होता नरसू. एका जत्रेत या दोघांची कुस्ती लागली. बराच वेळ कुणी हटेना. मग नरसूनं बयाजीला खाली घेतलं आणि त्याची पाठ मातीला लागली.

पाठ लागली की कुस्ती संपते. हात सोडायचा असतो. नरसूनं तो एक श्वास उशिरा सोडला.

त्या एका श्वासात बयाजीच्या खांद्यातून आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. हलगीच्या कडकडाटात तो फार थोड्यांना ऐकू गेला, पण ज्यांना गेला ते पुढं कितीतरी दिवस काटकी मोडली तरी दचकत.

हाडवैद्यानं हात टेकले. बयाजीचा उजवा हात पुन्हा कधी छातीच्या वर गेला नाही.

पंधरा दिवसांनी नरसू नारळ आणि तुपाचं मडकं घेऊन नदी ओलांडून आला. अंगणात उभा राहिला.

"बयाजी, हलगी वाजत होती, लोक ओरडत होते. तुझी पाठ लागल्याचं मला कळलंच नाही रे."

"खांदा तर तुझ्याच हातात होता," बयाजी म्हणाला. "तो मोडलेलाही नाही कळला?"

नरसूनं नारळ आणि मडकं खाली ठेवलं.

"बरं, आलायस तर हात मिळव. पण माझा हात तूच उचल. मला येत नाही."

नरसू मान खाली घालून परत गेला. तुपाचं मडकं बयाजीनं उकिरड्यावर फोडलं. नरसूनं मुद्दाम केलं होतं की नाही, कोण जाणे. भरल्या मैदानात एक श्वास किती लांब असतो, हे मागाहून कुणालाच सांगता येत नाही.

पण बयाजीनं ते ठरवून टाकलं. आणि त्याचं ठरल्यावर गावाचंही ठरलं. मावळतीत दिलेल्या लेकी सणाला माहेरी येईनाशा झाल्या. मावळतीची पोरं काठावरून ओरडत, "काय बयाजी, माशी बसली तर कुठल्या हातानं हाकलतोस?" उगवतीचे लोक धोंडे भिरकावत. आणि बयाजी सटवाला घडवू लागला.

सटवा हसरा होता. त्याला कुस्ती आवडे, सूड आवडत नसे. बयाजी त्याला पहाटे उठवी, हजार जोर काढायला लावी, दूध-तूप घशाखाली ओती.

"दादा, पुरे की आता," सटवा म्हणे. "इतकं दूध पाजलंस की गोठ्यातली म्हैस मला आईसारखी बघायला लागलीय."

सगळी तालीम हसे. बयाजी हसत नसे. त्यानं सटवाला सगळे डाव सोडून एकाच डावावर आणलं होतं. कलाजंग. समोरच्याच्या खाली शिरायचं, त्याला उचलून खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि तिथून खाली टाकायचा.

वस्ताद एकदा बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बयाजी, तू पोराला कुस्ती शिकवत नाहीस. तुझा मोडका खांदा शिकवतोयस."

"त्याला दुसरं कोण शिकवणार, वस्ताद? माझ्याकडं तेवढंच उरलंय."

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी जोड ठरली. सटवा आणि नरसू. नरसूचे केस पिकू लागले होते. ही आपली शेवटची कुस्ती, असं त्यानं सांगून टाकलं होतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी दोन्ही गावं बेटावर आली. पूर्वेची बाजू, म्हणजे सटवाची, खणायला नरसू स्वतः उतरला. पैलवानानं त्या दिवशी कुदळ धरायची नसते, अंग थकतं. तरी तो खणत राहिला. हातभर नाही, दीड हात. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं माती त्यातून चाळली. बारीक खडासुद्धा वेचून नदीत टाकला.

"नाटक," बयाजी पुटपुटला.

पश्चिमेची बाजू, नरसूची, खणायची पाळी उगवतीवर होती. बयाजीनं आपल्या माणसांना सांगितलं, "तुम्ही जा, न्याहरी करा. एवढं मी बघतो."

"एका हातानं, बयाजीदादा?"

"एका हातानं."

तो चार बोटं खणून थांबला. खाली वर्षभराचा दबलेला मुरूम होता, दगडासारखा. तो त्यानं तसाच ठेवला. वर मऊ माती पसरली, तेल घातलं, हळद घातली. वास अगदी तसाच आला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

वस्ताद दर वर्षी टाच रोवून माती तपासत असे. त्या दिवशी तो बांधावरच बसून राहिला.

बयाजी त्याच्याजवळ गेला. "वस्ताद, माती बघता ना?"

"तू खणलीस ना? मग काय बघायचं!" वस्ताद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सहा वर्षांनी तू नरसूसाठी माती खणलीस, बयाजी. आज मी मेलो तरी चालेल."

तेव्हासुद्धा वेळ होती. कुदळ हातातच होती. बयाजीनं ती खांद्यावर टाकली आणि बाजूला झाला.

हलगी कडाडली. दोघांनी मातीची चिमूट एकमेकांच्या अंगावर टाकली, सलामी झाली. नरसू जुना आणि सावध होता, सटवा ताजा. सटवानं त्याला रेटत रेटत मागं नेलं. पूर्वेच्या मातीतून मधली रेघ ओलांडून पश्चिमेच्या मातीत.

"आता!" बयाजी ओरडला. "सटवा, आता!"

सटवा खाली शिरला. एका झटक्यात त्यानं नरसूला उचलून खांद्यांवर आडवं घेतलं. उगवतीचं गाव उभं राहिलं. एवढं वजन पेलायचं तर पैलवान टाच मातीत रोवतो. सहा वर्षं सटवा तेच शिकला होता. त्यानं टाच रोवली.

ती रुतली नाही. चार बोटांवर मुरूम लागला, वरची तेलकट माती सरकली आणि सटवाचा पाय निसटला. तो मानेवर पडला. त्याच्यावर नरसूचं सगळं वजन.

पुन्हा तो आवाज आला. या वेळी सगळ्यांना ऐकू गेला.

नरसू तत्क्षणी बाजूला झाला होता. या वेळी त्यानं अर्ध्या श्वासाचाही उशीर केला नव्हता. तो गुडघ्यांवर बसून "पोरा, पोरा" करत होता. बयाजी धावत आला. सटवाचे डोळे उघडे होते.

"दादा," तो म्हणाला, "खाली माती नाही रे."

बयाजीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

गर्दीतून कुणीतरी किंचाळलं, "त्यानंच! परत त्यानंच केलं!" पहिला धोंडा आला. मग दुसरा. वस्ताद धडपडत आखाड्यात उतरला, त्यानं टाच रोवून पाहिली. टाच चार बोटांवर थांबली. तो थिजला. मग जीव तोडून ओरडू लागला, "माती बघा! अरे, आधी माती बघा!" पण म्हाताऱ्याचा आवाज किती पोचणार? त्यानं बयाजीचं मनगट धरलं.

"माझं कुणी ऐकत नाही. तू सांग. तुझं ऐकतील. तो मरेल रे!"

बयाजीनं तोंड उघडलं. एक श्वास गेला. मग दुसरा गेला. शब्द काही आला नाही.

नरसू रक्तबंबाळ होऊन नदीत शिरला आणि कसाबसा आपल्या काठाला लागला. तिसऱ्या दिवशी तो गेला. जाताना एवढंच म्हणत होता, "माती मी चांगली खणली होती. त्यांना सांगा, माती मी चांगली खणली होती."

मावळतीनं उगवतीची तालीम जाळली. उगवतीनं मावळतीच्या नावा फोडल्या. पुढं बेटावर जत्रा भरली नाही. आखाड्यात बाभळी उगवल्या. वस्तादानं दोन्ही काठ सोडले. तो कुठं गेला, कुणी विचारलंही नाही.

सटवा मेला नाही. मानेखाली त्याचं अंग मात्र पुन्हा हललं नाही. बयाजी त्याला डाव्या हातानं घास भरवी, कूस बदलून देई, त्याच्या तोंडावरची माशी हाकली. आणि सटवा रोज एकच विचारी.

"दादा, नरसूनं मुद्दाम केलं का रे?"

बयाजी म्हणे, "जेव आधी."

किती महिने असं चाललं. मग एका दुपारी बयाजी अंगण खणत होता. कुदळ चार बोटांवर मुरमाला लागली आणि ठण्ण वाजलं. आत सटवानं डोळे मिटून घेतले. नरसूची बाजू दादानंच खणली होती. पैलवानाची टाच माती विसरत नाही.

त्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडलं. बयाजी घास पुढं करी, सटवा मुकाट्यानं तोंड उघडी. तो प्रश्न पुन्हा कधी तरी येईल म्हणून बयाजी जन्मभर वाट बघत बसला. तो आला असता, तर या वेळी त्यानं खरं सांगितलं असतं.

तात्पर्य: सूड घेणाऱ्याच्या हातात जमीन कडक ठेवणं एवढंच असतं, तिच्यावर कोण पडेल, हे त्याच्या हातात नसतं.